पिंप गप्प झालं

सदर इसम नामे वाल्मिक तुकाराम सोनकांबळे, राहणार काशीगाव, वय अठ्ठावन्न, बांधा मध्यम, वर्ण सावळा, मिशी राखलेली, मूळ जिल्हा नांदेड. हुद्दा : श्रवणाधिकारी. कामाचे स्वरूप : पिंपातील द्राक्षरसाचे कर्णेंद्रियाद्वारे परीक्षण करून त्यातील गोडवा पूर्णतः संपुष्टात आल्याचे घोषित करणे. सदर घोषणा अंतिम समजण्यात येईल व तिच्याविरुद्ध कोठेही दाद मागता येणार नाही.

हा मजकूर चेणे गावातल्या मिस्किटा वायनरीत, पिंपांच्या खोलीच्या दाराशेजारी, काचेच्या चौकटीत लावलेला आहे. तो सुभाषने लिहिला. सुभाष एका सरकारी कचेरीतून हेडक्लार्क म्हणून निवृत्त झाला आणि घरी करमेना म्हणून मिस्किटांच्या ऑफिसात येऊन बसायला लागला. त्याच्या हातून साधं वाक्य निघत नाही. चहा हवा असला तरी तो ‘चहाबाबत कार्यवाही व्हावी’ असं म्हणतो. वायनरीचे मालक पास्कल मिस्किटा यांनी शनिवार-रविवारी सहली सुरू केल्या, तेव्हा पाहुण्यांसाठी काहीतरी लिहा असं सुभाषला सांगितलं आणि त्याने हे लिहिलं. पाहुण्यांना ते फार आवडतं. ते आधी चौकटीचा फोटो काढतात, मग पिंपाला कान लावलेल्या वाल्मिकचा.

मिस्किटांची पांढरी वाईन चौथ्या पिढीची आहे. आजूबाजूच्या गावांतल्या लोकांना लग्नाला, नाताळला गोड वाईन लागते. मिस्किटांची कोरडी. जिभेवर गोडव्याचा मागमूस नको, हा मूळपुरुषाचा हट्ट. त्याला गोड का आवडत नव्हतं हे आता कुणाला माहीत नाही. शेजारीपाजारी ती मान म्हणून नेतात, एक घोट घेतात आणि उरलेली मटणात घालतात. हायवेवरून सहज वळलेलं एखादं गिऱ्हाईक ‘ड्राय मतलब? इसमें वाईन कम है क्या?’ असंही विचारून जातं. पास्कलने धंदा वाढवला, स्टीलच्या टाक्या आणल्या, पण आतल्या खोलीतली जुनी लाकडी पिंपं तशीच ठेवली. त्या खोलीवर हुकूम पास्कलची आई कतरीनमाय हिचा.

वाल्मिक तरुणपणी घोडबंदर रोडच्या कामावर खडी टाकायला आला आणि तिथून मिस्किटांकडे बाटल्या धुवायला लागला. त्याने पहिल्याच दिवशी सांगून टाकलं होतं की तो दारू पीत नाही, पिणार नाही, चाखणारही नाही. दर रविवारी विहारात पंचशील म्हणतो, त्यातलं पाचवं हेच. कतरीनमायचा नवरा तेव्हा हयात होता. तो खूश झाला. त्याआधीचे दोन गडी फार मनापासून चाखणारे निघाले होते.

म्हाताऱ्याने मग त्याला घरची विद्या शिकवली. रसात गोडवा आहे तोवर पिंप बोलतं. आधी आठवडाभर बाजार भरल्यासारखा गलका. मग तव्यावर मीठ टाकल्यासारखी तडतड. मग विहारात भाषण लांबलं की मागच्या ओळींत होते तसली कुजबुज. ती कुजबुज थांबली की गोडवा संपला. मग ज्याने कान लावला त्यानेच वाईन ‘गप्प झाली’ म्हणायचं, घरच्यांनी बूच ठोकायचं आणि पिंप बंद. जीभ कुठेही लागत नाही. जगात एवढ्या वायनऱ्या असतील. वाईन न चाखता वाईन ठरवणारा माणूस मात्र मिस्किटांनाच मिळाला, आणि न चाखता करता येईल असं वाईनचं काम वाल्मिकला. दोन्ही पक्षांना हे स्थळ उत्तम वाटलं.

या वर्षी पास्कलची मुलगी लविना हिचं लग्न ठरलं. लविना नाशिककडे वाईनचं शिक्षण घेऊन आलेली. तिच्याकडे काचेची एक नळी आहे. रसात सोडली की तरंगते, आणि किती गोडवा उरला ते तिच्यावरच्या रेघा सांगतात. ती नळी स्टीलच्या टाक्यांत फिरते. पिंपांच्या खोलीत तिला मज्जाव. कतरीनमायने एकदाच सांगितलं होतं, “ज्याच्यावर कान ठेवायचा त्याच्यात काच न्हाय घालायची.” पुढे तो विषय निघाला नाही.

लग्नासाठी तिसरं पिंप लवकर भरलं. मार्चअखेरीस पहिली द्राक्षं आली ती त्यातच गेली. बाकीची पिंपं मागाहून भरली आणि ती अजून फसफसत होती. एप्रिलमध्ये एका सकाळी वाल्मिकने तिसऱ्याला कान लावला, बराच वेळ डोळे मिटून उभा राहिला आणि म्हणाला, “गप्प झाली.” कतरीनमायने छातीवर क्रूस केला, पास्कलने बूच ठोकलं. थोडे दिवस थांबून वाईन बाटल्यांत भरली, आणि लग्न घरचं म्हणून बाटल्यांचे क्रेट मिस्किटांच्या ओटीवर, जेवणाच्या लांब टेबलाखाली रचून ठेवले.

त्यानंतरच्या आठवड्यातली गोष्ट. वाल्मिकची बायको वैजयंता हिने ढोकळ्यासाठी पीठ भिजवलं होतं. तिने वाटीत इनो टाकून वर पाणी ओतलं. वाल्मिक समोरच बसला होता. वाटीत फेस उसळला, काठापर्यंत आला, बुडबुडे फुटायला लागले. वाल्मिक पुढे वाकला. आवाजच नव्हता. टीव्हीचा आवाज बंद केल्यासारखं वाटीतलं सगळं नुसतं दिसत होतं. त्याने वाटी उचलून कानाला लावली.

“काय ऐकू लागलाव त्याच्यात?” वैजयंता म्हणाली. “द्या इकडं, पीठ बसंल माझं.”

“आवाज येतोय का याचा?”

“न यायला काय झालं? फसफस करू लागलंय की. ठेवा ती वाटी.”

त्याने वाटी दिली. ढोकळा छान फुगला. त्याने दोन तुकडे खाल्ले आणि उरलेली बशी तशीच ठेवली.

मग त्याला एकेक आठवायला लागलं. कुकरच्या शिट्ट्या. मागच्या वर्षीपासून वैजयंता म्हणत होती की शिट्ट्या मोजत जा जरा, आणि तो म्हणायचा, झाल्याच नाहीत. मुलगा धम्मदीप म्हणायचा, “पप्पा, तुमचा फोन कधीचा वाजतोय!” डास कानाशी येणं बंद झालं होतं; त्याला वाटलं होतं, महापालिकेने फवारणी मनावर घेतली. माणसांचं बोलणं त्याला नीट कळायचं, ट्रकचे हॉर्न कळायचे, म्हणून शंका कधी आली नाही. बारीक आवाज तेवढे गेले होते. आणि पिंप शेवटी शेवटी बारीकच बोलतं.

म्हणजे तिसरं पिंप गप्प झालं होतं, की तो बहिरा झाला होता? आणि पिंप बोलतच असेल, तर ते बोलणं आता बुचं मारलेल्या बाटल्यांत कोंडलेलं होतं. मे महिन्याचा उकाडा, त्यात टेबलाखाली रचलेले क्रेट. उरलेला गोडवा आत फसफसत राहिला, की बाटली एक दिवस फुटते. म्हाताऱ्याने त्याला अशी एक फुटलेली बाटली दाखवली होती, मुद्दाम जपून ठेवलेली. तिची काच समोरच्या दाराच्या लाकडात रुतली होती. आणि त्या टेबलाखाली लग्नाला जमलेल्या पाहुण्यांची पोरं दुपारभर घरघर खेळत.

दुसऱ्या दिवशी त्याने केमिस्टकडून इनोच्या पुड्या घेतल्या. डाव्या कानाने ऐकलं, उजव्या कानाने ऐकलं. कपात, पेल्यात, मोरीत तांब्यात. तिसऱ्यांदा गेला तेव्हा केमिस्ट म्हणाला, “अंकल, गॅस बहुत है क्या? डॉक्टर को दिखा दो.” वाल्मिक म्हणाला, “दिखाता हूँ,” आणि आणखी दोन घेतल्या.

सांगायचं कुणाला? पास्कलला सांगितलं तर तो लविनाला सांगणार. ती नळी आणणार. मग या खोलीत वाल्मिकचं काम काय? बाटल्या धुवायला आता मशीन होतं. सहलीच्या पाहुण्यांना वाल्मिक हवा असायचा, पण चौकटीत ‘अंतिम’ लिहिलं होतं म्हणून. घरी तर बोलायची सोयच नव्हती. बेव्हर्ली पार्कमधल्या वैजयंताच्या बहिणीपर्यंत सगळे त्याला ‘कानवाले भावजी’ म्हणत.

रविवारी विहारात तो पाचव्या शीलाशी अडखळला. शेजारच्याने वळून पाहिलं. वाल्मिकच्या मनात एकच थेंब होता. बोटाच्या टोकावर घ्यायचा, जिभेला लावायचा. गोड लागला तर गोड, नाही तर नाही, क्षणात निकाल. थुंकून टाकलं तर चाखलं म्हणायचं का? त्याने स्वतःशीच दोन्ही बाजू मांडल्या, आणि दोन्ही बाजू त्याच्या बोलण्यावर नाराज झाल्या. इतकी वर्षं न चाखता काढली ती शेवटी थुंकण्यासाठी नव्हे, एवढं ठरवून तो घरी आला.

सोमवारी ओटीवर कुणी नाही असं पाहून त्याने टेबलाखालची एक बाटली काढली आणि मागच्या परसात नेऊन उघडली. आत थोडे बुडबुडे होते. नव्या वाईनला थोडे असतातच. पण थोडे म्हणजे किती, हे तो नेहमी कानाने ठरवत आलेला. त्याने बशीत घोटभर वाईन ओतली, बशी मुंग्यांच्या रांगेजवळ ठेवली आणि उकिडवा बसला. मुंगीला गोड कळतं. रांगेतून एक मुंगी बाहेर आली, बशीच्या काठावर चढली, काठाकाठाने पूर्ण फेरी मारली आणि उतरून परत रांगेत गेली. बाकीच्या आल्याच नाहीत. ती मुंगी काय सांगून गेली, हे वाल्मिकला शेवटपर्यंत समजलं नाही.

“वाल्मिक, इथे काय चाललंय?” सुभाष मागे उभा होता.

“मुंग्या झाल्यात फार.”

“मग त्याबाबत पावडर टाकावी. वाईन टाकून काय होणार?” सुभाष बशीकडे बघत म्हणाला. मग हळूच, कार्यालयीन सूर सोडून, “तू घ्यायला लागलास काय रे?”

याच्याइतका मोठा आरोप वाल्मिकवर आयुष्यात झाला नव्हता, आणि खरं काय ते सांगण्यापेक्षा तो आरोप सोपा होता. त्याने तो राहू दिला आणि बशी उचलली. संध्याकाळपर्यंत वायनरीभर झालं की वाल्मिक लपून प्यायला लागला. ड्रायव्हर महिपत जाताना त्याच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाला, “होतं असं. या वयात होतं.”

लग्नाच्या दोन दिवस आधी मिस्किटांच्या अंगणात मांडव पडला. बायका एका बाजूला फुग्यांचं पीठ मळत बसल्या होत्या. आंबवलेलं पीठ मुठीतून कढईत सुटत होतं आणि गोल गोल फुगे वर येत होते. पास्कल मांडववाल्याशी हिंदीत भांडत होता. वाल्मिक खुर्च्या लावत होता आणि त्याचं लक्ष ओटीकडे होतं. तिथे टेबलाखाली चार पोरं क्रेटांना पाठ टेकून पत्ते खेळत होती. एका मुलीने एक बाटली बाहेर काढून मांडीवर घेतली होती. तिला कागदाचा घुंगट घालून ती नवरी बनवत होती.

वाल्मिकने हातातली खुर्ची खाली ठेवली. आधी तो ओटीवर गेला, मुलीच्या मांडीवरची बाटली काढून घेतली, पोरांना हाकललं. मुलगी रडायला लागली. मग तो थेट कतरीनमायसमोर जाऊन उभा राहिला. ती मांडवाच्या खांबाला टेकून खुर्चीत बसली होती.

“माय, एक सांगायचंय.” तो खालच्या आवाजात म्हणाला.

“काय?”

“तिसऱ्या पिंपाचं.”

“मोठ्यान बोल रं. मना न्हाय ऐकू येत. कानाचा मशीन आतमदी पेटीवर हाय.”

वाल्मिकने इकडेतिकडे पाहिलं. “माय, मला ऐकू येत नाही!”

“मनापन न्हाय येत. म्हनून तर सांगतंय, मोठ्यान बोल!”

“मला!” वाल्मिक ओरडला. “मला पिंप ऐकू येत नाही! बारीक आवाज येतच नाही कानाला! मी गप्प झाली म्हणालो ते मला ऐकू आलं नाही म्हणून!”

मांडव गप्प झाला. फुगे सोडणाऱ्या बाईचा हात कढईवर तसाच राहिला. मांडववाला पास्कलला “आपका घर का मामला है, मैं बाद में आता हूँ” असं म्हणून निघून गेला.

कतरीनमायने विचारलं, “कदीपासून?”

“माहीत नाही.”

“आनि कोनाला सांगितला न्हाय.”

“नाही.”

“आनि बाटल्या माज्या ओटीवर ठेवल्यास. पोरांच्या ढुंगनाखाली.”

महिपत मागून हळूच म्हणाला, “म्हणजे पीत नव्हता तर,” आणि त्याच्या आवाजात किंचित निराशा होती.

लविनाच्या हातांवर मेंदी ओली होती. ती कोपराने दार ढकलत आत गेली आणि चुलत भावाकडून आपली काचेची नळी बाहेर आणवली. “काका, बसा तुम्ही,” ती म्हणाली. “पप्पा, पोरांना घराबाहेर काढा आधी, सगळ्यांना.” मग तिने ज्या बाटलीची नवरी झाली होती तीच उघडायला लावली. बूच एरवी ओढावं लागतं. हे पास्कलच्या हातातून उडालं आणि मांडवाच्या कापडाला लागून परत खाली आलं. सगळ्यांनी ‘हॅ!’ केलं. वाल्मिकला ‘हॅ’ ऐकू आलं, त्याआधीचा आवाज नाही.

लविनाने वाईन उंच ग्लासात ओतवली, ढवळायला लावली, बुडबुडे बसू दिले आणि नळी सोडली. सगळे वाकून बघत होते. वाल्मिकला उठवलं नाही, तरी तो उठून आला.

“आहे,” लविना म्हणाली. “गोडवा आहे. फार नाही, पण आहे.”

पास्कलने कपाळावर हात मारला. “परवा लग्न आहे, वाल्मिक.”

“मला माहीत आहे शेठ.”

“सगळ्या ओतून परत पिंपात घालू?”

“आता?” लविना म्हणाली. “आता बर्फात ठेवायच्या. थंड राहिल्या की शांत राहतील. परवा पिऊन टाकायच्या. त्यात वाईट काही नाहीये, फक्त आपल्यासारखी नाहीये.”

तसंच केलं. क्रेट परसात काढले, बर्फाच्या लाद्या आणल्या, वर ओली गोणपाटं टाकली. वाल्मिक लग्नापर्यंत त्या गोणपाटांवर पाणी शिंपडत राहिला; वैजयंताने पाठवलेला डबा त्याने तिथेच बसून खाल्ला. कुणी त्याला तिथे बसायला सांगितलं नव्हतं, कुणी ऊठही म्हणालं नाही.

लग्नात वाईन वाटली तेव्हा तो मांडवाच्या अगदी टोकाला, लिंबू सरबताचा पेला घेऊन उभा होता. बुचं उडत होती आणि पोरं ती झेलायला धावत होती. पाहुण्यांनी एक घोट घेतला. मग दुसरा घेतला. मग पेले पुढे यायला लागले. मिस्किटांच्या चार पिढ्यांत जे झालं नव्हतं ते झालं : लोकांनी पांढरी वाईन मागून घेतली. एक म्हातारा पास्कलच्या पाठीवर थाप मारून म्हणाला, “आज खरा वाईन केलास बाबू! नायतर तुजा बाप आमाला औषध पाजायचा!” नवऱ्याकडच्या बायका म्हणत होत्या, किती हलकी आहे, गुदगुल्या करते. एका तरुणाने वाल्मिकला ओळखलं, चौकटीतले ते हेच म्हणून. “काका, एक नंबर! दरवर्षी अशीच करा.”

जे ऐकू यायला नको होतं ते वाल्मिकला स्पष्ट ऐकू येत होतं.

लग्नानंतर पास्कलच्या डोक्यात ते बसलंच. दरवर्षी एक पिंप असंच काढूया, खपेल, असं तो आईला दोनदा म्हणाला. कतरीनमायने मशीन लावलेलं होतं, तरी दोन्ही वेळा तिला ते ऐकू आलं नाही. तिसऱ्यांदा तो म्हणाला तेव्हा ती म्हणाली, “गोड करायला सगला गाव बसलाय. आपन कोरडीच करायची.” मग तिने वाल्मिकला बोलावलं. तो चप्पल बाहेर काढून, कामावरून घरी पाठवणार असं गृहीत धरून आला.

“डॉक्टरला दाखव कान. पास्कल नेल. आनि पोरगीची काच जाऊं दे खोलीत.”

“बरं.”

“काच बगायची पोरीनं. पन गप्प झाली असा बोलायचा तूच. दुसरा कोन बोलला तर मना न्हाय चालनार.”

“माय, पण मला ऐकू येत...”

“मग काय झाला? मना तरी कुटं येतंय. घर चाललाय ना?”

वाल्मिकने बाहेर येऊन चप्पल घातली. घरी गेल्यावर त्याने वैजयंताला सगळं सांगितलं. ती म्हणाली, “मग कुकरच्या शिट्ट्यांचं आधी सांगायचं होतं न. मी समजू लागले मुद्दाम करताव.”

पावसाळ्यात बाकीची पिंपं एकेक करून बंद झाली. लविना नळी बघते, मान हलवते, मग वाल्मिक पुढे होतो, कान लावतो, डोळे मिटतो आणि म्हणतो. कतरीनमाय क्रूस करते. सहली सुरूच आहेत. चौकट बदलावी का, असं सुभाषने पास्कलला विचारलं होतं. पास्कल म्हणाला, पाहुण्यांना आवडते, राहू द्या. पण सुभाषला चुकीचा मजकूर दप्तरात राहिलेला सहन होत नाही. त्याने शेवटी एक ओळ वाढवली : सदर अधिकाऱ्यास कर्तव्यपूर्तीसाठी आवश्यक ते श्रवणयंत्र पुरविण्यात आले असून ते कामकाजाच्या वेळेत धारण करणे त्याजवर बंधनकारक राहील.

यंत्र लाकडाला टेकलं की शिट्टी वाजते, म्हणून पिंपाला कान लावण्यापूर्वी वाल्मिक ते काढून खिशात ठेवतो.